प्लास्टर घातल्यापासून निघेपर्यंत

प्लास्टर हाड जोडत नाही, मोडलेली टोकं फक्त जागेवर धरून ठेवतं. आधी मोडलेल्या जागी रक्त साकळतं. दोन-तीन आठवड्यांत तिथं कुर्चेसारखा मऊ जोड तयार होतो, मग त्यात कॅल्शियम भरून तो टणक होतो. मऊ जोड एक्स-रेत दिसत नाही, म्हणून पहिल्या फोटोत फट दिसली तर घाबरू नका. मनगटाला साधारण 6 आठवडे, नडगीला 3-4 महिने किंवा जास्तही लागतात. पोरांचं लवकर जुळतं.

खरी जागरूकता पहिल्या दोन-तीन दिवसांत हवी, कारण सूज तेव्हाच चढते. आडवं पडून हात किंवा पाय दोन उशांवर, छातीपेक्षा उंच ठेवा. जागेपणी तासातासाला बोटं हलवा आणि नख दाबून सोडा: पांढरं पडलेलं नख 2 सेकंदांत परत लाल झालं पाहिजे. गोळी घेऊनही कळ वाढते, बोट सरळ करताना जीव जातो, बोटं बधिर किंवा गार पडतात, तर त्याच क्षणी दवाखाना गाठा. खानापूरच्या आतल्या गावातून सकाळच्या एसटीची वाट बघू नका, रात्रीच गाडी काढा. रक्त अडलं की काही तासांत स्नायू मरतो आणि हात कायमचा जाऊ शकतो. हाडवैद्यानं बांबूच्या कामट्या आवळून बांधल्या असतील तर आधी पट्टी सैल करा, मग निघा.

निपाणी-चिकोडीकडे मुद्दाम सांगावं लागतं: तंबाखू बंद. विडीच नव्हे, मळून खाल्लेली तंबाखू आणि मिश्रीसुद्धा. निकोटिननं बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि हाड जुळायला उशीर होतो, नडगीला तर फारच. साखरेचा आजार असेल तर साखर ताब्यात ठेवा. दुखण्याच्या गोळ्या मनानं आठवडेच्या आठवडे चालू ठेवू नका.

रोज 1000 मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. 100 ग्रॅम नाचण्याच्या पिठात साधारण 350 असतं, म्हणजे भाकरी आणि आंबील हवीच. सोबत दूध, डाळ, अंडी आणि थोडं ऊन.

साधं प्लास्टर पूर्ण वाळायला दोन दिवस लागतात, तोवर त्यावर भार नको. पावसाळ्यात अंघोळीला प्लास्टिकची पिशवी वर घट्ट बांधा. भिजून मऊ पडलं तर आतलं हाड सरकतं, ते बदलूनच घ्या. खाज सुटली तरी आत सुई-काडी घालू नका, जखम चिघळते आणि वरून दिसत नाही.