दुसरा मॉनिटर जोडलात? टूल टाकण्याआधी पडद्यांची मांडणी नीट करा

केबल लावा, विंडोज आणि पी ही बटणं एकत्र दाबा, ‘एक्स्टेंड’ निवडा. इथवर सगळ्यांना जमतं. पुढे बहुतेक जण थेट विंडो पडद्यावर मांडून देणारं एखादं टूल टाकतात आणि माउस अडकला, विंडो वेड्यावाकड्या बसल्या की त्या टूलच्या नावाने बोटं मोडतात. विंडोज ११ मध्ये आधी स्केल (पडद्यावरची अक्षरं-चिन्हं किती मोठी दिसावीत ते प्रमाण), मग मांडणी आणि शेवटी टूल. हा क्रम बदलू नका.

स्केलचं काम दोन मिनिटांचं. सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले इथे जाऊन दोन्ही पडद्यांचं रेझोल्यूशन ‘रेकमेंडेड’वरच ठेवा. अक्षरं बारीक दिसतात म्हणून रेझोल्यूशन उतरवायचा सल्ला हमखास मिळतो, तो कानाआड करा. त्याने अक्षरं मोठी होतात, पण पुसट. मराठीतली जोडाक्षरं तर आणखीच गिचमिड होतात. त्याऐवजी स्केल वाढवा. १५.६ इंची फुल एचडी लॅपटॉपला १२५ टक्के, २४ इंची फुल एचडी मॉनिटरला १००, २७ इंची फोर-केला १५० हे आकडे बहुतेकांना चालतात.

आता मांडणी. गाडी अडते ती इथेच. याच पानावर वर दोन चौकटी दिसतात, प्रत्येक पडद्याची एक. त्या कडेला कड लावून ठेवल्या की झालं, असं वाटतं; पण विंडोजचं माप पिक्सेलचं, सेंटिमीटरचं नाही. वरच्या उदाहरणातला लॅपटॉप आणि २४ इंची मॉनिटर दोन्ही १०८० पिक्सेल उंच, म्हणून चौकटी सारख्या दिसतात. प्रत्यक्षात लॅपटॉपचा पडदा सुमारे १९.४ सेंटिमीटर उंच आणि मॉनिटरचा सुमारे २९.९. दोघांच्या खालच्या कडा टेबलावर एका रेषेत असतील, तर लॅपटॉपच्या मध्यावरून पलीकडे नेलेला माउस मॉनिटरवर जवळपास पाच सेंटिमीटर वर निघतो. दिवसभर हे चाललं की हात वैतागतो.

उपाय असा: लॅपटॉपची चौकट तिच्या उंचीच्या साधारण सहाव्या हिश्शाने खाली ओढा आणि ‘अप्लाय’ करा. मग माउस कडेवरून हळू नेऊन पाहा, उडी राहिली असेल तर पुन्हा थोडं सरकवा. सगळ्या उंचीवर रेषा जुळणार नाही, तो नाद सोडा. तुम्ही जिथून जास्त ये-जा करता तेवढी उंची जुळवा. चौकट खाली सरकवली की एका पडद्याच्या खालच्या आणि दुसऱ्याच्या वरच्या टोकाला शेजारी उरत नाही आणि माउस तिथे भिंतीला आपटल्यासारखा थांबतो. ‘मल्टिपल डिस्प्लेज’मधलं ‘ईझ कर्सर मूव्हमेंट बिटवीन डिस्प्लेज’ सुरू ठेवा, म्हणजे तो घसरत पलीकडे जातो. तिथेच ‘रिमेंबर विंडो लोकेशन्स’वरही खूण करा, केबल काढून परत लावली की विंडो आपापल्या जागी येतात.

आता टूल. मायक्रोसॉफ्टचं पॉवरटॉइज फुकट आहे, त्यातलं फॅन्सीझोन्स बहुतेकांना पुरतं; ते पडद्याचे खण पाडून त्यांत विंडो बसवतं. विंडोज, शिफ्ट आणि बॅकटिक (`) दाबून एडिटर उघडा, प्रत्येक मॉनिटरला वेगळा आराखडा द्या. विंडो ओढता ओढता शिफ्ट दाबली की ती खणात बसते. एकच खण दोन मॉनिटरवर पसरवायचा पर्याय मात्र दोन्हीकडचं स्केल सारखं असेल तरच वापरा. ॲडमिन म्हणून उघडलेलं ॲप खणात बसत नसेल, तर पॉवरटॉइजही ॲडमिन म्हणून चालवा.

जुनं सॉफ्टवेअर एकाच पडद्यावर धूसर दिसतंय? त्याच्या प्रॉपर्टीज, कम्पॅटिबिलिटी, ‘चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज’मध्ये जाऊन ओव्हरराइडवर खूण करा आणि ‘सिस्टिम (एन्हान्स्ड)’ लावून पाहा. सगळ्याच सॉफ्टवेअरना ते मानवत नाही. बिघडलं तर खूण काढून टाका.

आणि विंडो पडद्याबाहेर हरवलीच, तर टास्कबारवर तिच्यावर क्लिक करून विंडोज, शिफ्ट आणि डावा किंवा उजवा बाण दाबा.