कोर्टात भरलेले पैसे कर्मचाऱ्यानेच खाल्ले तर काय करायचं

सोलापुरात आमच्या मावशीची पोटगीची थकबाकी बेलीफने (कोर्टाचा आदेश बजावणारा, वसुली करणारा कर्मचारी) वसूल केली अन् साध्या चिठ्ठीवर सही दिली, पैसे कोर्टात जमाच नाहीत! म्हणून सांगतो, पैसे देताना छापील पावती घ्याच, केस नंबर, तारीख, रक्कम तिथंच उभं राहून वाचा. गडबड वाटली की जमा रकमेच्या नोंदीची नक्कल मागा, मग प्रमुख जिल्हा न्यायाधीशांकडे लेखी तक्रार, पोच घेऊनच, आणि पोलिसांतही. सरकारी नोकराने ताब्यातला पैसा हडपला तर भारतीय न्याय संहिता कलम ३१६(५), जन्मठेप किंवा १० वर्षांपर्यंत कैद आणि दंड. १ जुलै २०२४ आधीचा गुन्हा असेल तर जुन्या भारतीय दंड संहितेचं (आयपीसी) कलम ४०९, शिक्षा तेवढीच. लाच मागितली तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा (एसीबी) हेल्पलाइन नंबर १०६४ लावा.