अटाल्यातली वेताची खुर्ची परत बसण्यालायक कशी करायची

दिवाळीच्या साफसफाईत आपल्या इंदूरात काय काय अटाल्यात (भंगारात) जातं ते बघवत नाही, चांगली सागवानी खुर्ची, नुसता वेत फाटला म्हणून किलोच्या भावात देऊन टाकतात आणि वर पैसे घालून प्लास्टिकची आणतात. अशी खुर्ची दिसली, मग ती रामबागेत कोणाच्या गच्चीवर असो की अटालेवाल्याच्या ठेल्यावर, आधी पॉलिशकडे बघूच नका, उलटी करा. पाय हलतायत? हलू देत, ते होतं नीट. पण बारीक गोल भोकं आणि त्यातून पिठासारखा ताजा भुसा पडत असेल तर आत कीड जिवंत आहे, तिथे स्क्रूड्रायव्हर टोचून बघा, भसकन आत गेला तर सरळ नमस्कार करून निघा. थोडीच भोकं असतील तर लाकडाच्या किडीचं औषध सिरिंजने आत सोडायचं, हातमोजे घालून. सांध्यांमधे काळे ठिपके म्हणजे ढेकूण, तेव्हा तो बंदोबस्त होईपर्यंत खुर्ची घराबाहेरच.

आता खरं काम, सांधे. हलणाऱ्या पायाला खिळा मारायचा मोह सगळ्यांना होतो, मारू नका, लाकूड चिरतं आणि महिन्याभरात परत हलायला लागतं. ढिला सांधा हलक्या हाताने ठोकून पूर्ण सोडवा (हातोडीखाली जुना कपडा धरा) आणि आतला जुना सरस खरवडून काढा, कारण जुन्या सरसावर नवीन फेविकॉल धरतच नाही, लोक वरूनच ओततात आणि मग फेविकॉलला नावं ठेवतात. जुना सरस गरम पाण्याच्या फडक्याने मऊ पडतो. सागवान मुळात तेलकट, म्हणून सुकल्यावर सांधा थिनरने पुसायचा, मग फेविकॉल, आणि लगेच आवळायचं. क्लॅम्प नसेल तर सुतळीचे दोन-तीन वेढे पायांभोवती घ्या, मधे एक काडी घालून पीळ देत जा, सांध्यातून फेविकॉलचा पांढरा थेंब बाहेर आला की बास, काडी तिथेच अडकवा. थेंब ओल्या फडक्याने पुसा, खुर्ची सपाट फरशीवर उभी करून चारी पाय टेकतायत का बघा आणि २४ तास हात लावू नका.

ऑइलपेंट मारलेली जुनी खुर्ची असेल तर कोरडी घासू नका. आपल्याकडे घरगुती रंगात शिशाची ९० पीपीएमची (दहा लाखात ९० भाग) मर्यादा २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाली, त्याआधीच्या रंगात काय असेल सांगता येत नाही, म्हणून पाणी लावून वॉटरपेपरने घासायचं, मास्क लावायचा, पोरांना लांब ठेवायचं.

पॉलिश असेल तर स्पिरिटचा बोळा आतल्या कोपऱ्यात फिरवा, चिकट होऊन सुटलं तर ते चपडीचं (लाखेच्या पापड्यांचं) आहे, मग सगळं घासून काढायची गरजच नाही, मळ पुसून वरूनच नवीन हात देता येतो. नाहीतर १२० आणि मग २२० नंबरचा पॉलिशपेपर, लाकडाच्या रेषांच्या दिशेनेच, आडवा मारला तर ओरखडे पॉलिशनंतर जास्त दिसतात. चपडी, स्पिरिट सगळं हार्डवेअरच्या दुकानात मिळतं, एक लिटर स्पिरिटला साधारण १५० ग्रॅम चपडी काचेच्या बरणीत रात्रभर भिजवायची (लोखंडी डब्यात नको, काळपट होते), गाळून मलमलीत गुंडाळलेल्या कापसाने पातळ पातळ हात द्यायचे. गॅसजवळ हे चालणार नाही, आणि श्रावणात तर करूच नका, दमट हवेत पॉलिश पांढरट पडतं.

वेत तुटलेला नसेल, नुसता खाली लोंबत असेल, तर पॉलिशच्या आधीच खुर्ची उलटी करून खालच्या बाजूने कोमट पाण्याचं फडकं दाबा, वेत चांगला भिजला की रात्रभर सावलीत ठेवा, सकाळी ताणून बसलेला असतो, टिचकी मारली तर आवाज येतो. तुटलाच असेल तर विणकाम पॉलिशनंतर करायचं, आणि ते मी तरी विणणाऱ्याकडेच देईन, दोन उभे, दोन आडवे, दोन तिरपे असे सहा पदर घालत बसायला वेगळाच संयम लागतो.

वापरायला लागल्यावर गरम चहाचा कप खुर्चीच्या हातावर ठेवू नका, चपडीवर पांढरा गोल उठतो. उठलाच तर स्पिरिटचा जेमतेम ओला बोळा ओझरता फिरवा, बरेचदा निघून जातो.