दात का काढतात आणि कोणत्या हत्यारांनी काढतात

दात काढण्याचा सल्ला मिळाला की तो वाचवता येणारच नाही का, हे डॉक्टरांना आधी विचारावे. कीड आतल्या मज्जेपर्यंत पोहोचली असली तरी दाताचा पुरेसा भाग शाबूत असल्यास रूट कॅनाल करून वर कॅप बसवता येते. मात्र कीड हिरडीच्या खाली खोल उतरून कॅपला आधारच उरला नसेल, किंवा मूळ उभे चिरले असेल, तर दात ठेवण्याचा हट्ट धरू नये. हिरड्यांच्या जुनाट आजारात मुळाभोवतीचे हाड झिजते आणि न किडलेला दातही खिळखिळा होऊन काढावा लागतो. अक्कलदाढ आडवी अडकून शेजारच्या दाढेला इजा करत असेल, किंवा तिच्यावरची हिरडी वारंवार सुजत असेल, तर ती काढणेच बरे; काहीच त्रास नसताना केवळ अडकली आहे म्हणून घाई करणे मला योग्य वाटत नाही. दात वेडेवाकडे असताना तारा लावण्यापूर्वी जागा करण्यासाठी कधी कधी निरोगी उपदाढाही काढतात.

रक्त पातळ करणारी किंवा हाडांच्या ठिसूळपणावरची औषधे चालू असल्यास ती आधी सांगावीत, पण स्वतःच्या मनाने बंद करू नयेत.

दात आणि हाड यांच्यामध्ये सूक्ष्म तंतूंचे पातळ आवरण असते. ते तुटून दात बसलेली हाडातली खोबण थोडी रुंदावली की दात सुटतो, म्हणून या कामात जोरापेक्षा कौशल्य महत्त्वाचे. लिग्नोकेनच्या इंजेक्शनने जागा बधिर केल्यावरही दाब जाणवतो. वेदना जाणवल्यास मात्र हात वर करून थांबवावे. मग चपट्या हत्याराने हिरडी दातापासून सैल करतात आणि एलिव्हेटर, म्हणजे दात उचकटून सैल करणारे हत्यार, त्याचे पाते मूळ व हाड यांच्यामध्ये सरकवून हलकेच फिरवतात. दात हलू लागल्यावर फोर्सेप्स, म्हणजे दाताची पक्कड, येते. वरच्या दातांच्या पकडीचे तोंड बहुधा मुठीच्या रेषेतच असते, तर खालच्या दातांच्या पकडीचे तोंड काटकोनात वळलेले असते. वरच्या दाढेची दोन मुळे गालाकडे आणि एक टाळूकडे असल्यामुळे तिच्या पकडीचे गालाकडचे टोक दोन मुळांच्या बेचक्यात बसेल असे अणकुचीदार केलेले असते, म्हणूनच उजव्या आणि डाव्या दाढेसाठी पकडी वेगळ्या लागतात. पकड दाताच्या माथ्यावर लावली तर माथा मोडतो, म्हणून ती हिरडीखाली मुळावर लावतात. आधी मुळाच्या दिशेने दाबून मग गाल आणि जीभ किंवा टाळू यांच्या बाजूंना आलटून पालटून कलवतात. वरच्या पुढच्या दाताचे मूळ एकच आणि गोलसर असल्याने तो थोडा पिळताही येतो. इतक्यावरही दात न निघाल्यास हिरडीला छेद देऊन ड्रिलने दाताचे तुकडे करतात. असे झाले म्हणजे काही चुकले असे नव्हे. उलट त्यामुळे हाड वाचते.

नंतर गॉजचा बोळा अर्धा ते पाऊण तास दाबून धरावा. खोबणीत साठलेली रक्ताची गुठळी हाडाला झाकते, म्हणून पहिले २४ तास चूळ भरणे, जोराने थुंकणे आणि स्ट्रॉने पिणे टाळावे. धूम्रपान तर त्यानंतरही काही दिवस करू नये. दुसऱ्या ते चौथ्या दिवशी दुखणे कमी होण्याऐवजी वाढून कानाकडे जाऊ लागले, तर गुठळी निघून गेल्याची शक्यता असते. अशा वेळी घरी वेदनाशामक गोळ्यांवर दिवस न काढता डॉक्टरांकडे जावे. ते खोबण धुऊन औषधी पट्टी भरतात आणि दुखणे बहुधा लवकर उतरते.