टायमर, कॅलेंडर आणि मेल जोडताय? आधी या चुका टाळा

मार्चच्या शेवटच्या रविवारनंतरचा सोमवार. नाशिकला गंगापूर रोडवरच्या आमच्या ऑफिसात दीड वाजता डबे उघडले होते आणि लंडनचा क्लायंट कॉलवर येऊन वाट बघत होता. त्याच्या हिशेबाचं काम आम्ही सहा जण तासांवर करतो. रोजचा कॉल त्याच्या सकाळी नऊला, म्हणजे आपल्या दुपारी अडीचला. निदान शुक्रवारपर्यंत तरी तसंच होतं. भाजीचा हात पुसत कॉल घेतला, पाऊण तासात संपवला. मग बरोबर अडीचला टाइम ट्रॅकरचा, म्हणजे कामाचे तास मोजणाऱ्या ॲपचा, टायमर आपोआप सुरू झाला आणि सव्वातीनला बंद झाला, कारण मी तो घड्याळावर लावून ठेवला होता. त्या वेळात आम्ही खाली चहाच्या टपरीवर होतो. आठवडाअखेरीस टाइमशीटचा, म्हणजे तासांच्या हिशेबाचा, मेल आपोआप गेला आणि क्लायंटचं दोन ओळींचं उत्तर आलं: कॉलची वेळ आणि तुमची वेळ जुळत नाही, जरा बघता का?

आपल्याकडे घड्याळ कोणी पुढे-मागे करत नाही, म्हणून हे ध्यानातच येत नाही. २०२६ मध्ये ब्रिटन आणि युरोपात २९ मार्चला घड्याळ एक तास पुढे गेलं की २५ ऑक्टोबरला मागे येतं. अमेरिकेत हेच ८ मार्च आणि १ नोव्हेंबरला. म्हणजे मार्चमध्ये तीन आठवडे असे, की अमेरिकेचं गणित बदललेलं आणि लंडनचं जुनंच. पिंपळगावकडच्या द्राक्ष निर्यातदारांची कागदपत्रं करणाऱ्यांना तर हे ऐन हंगामात गाठतं. रॉटरडॅमशी साडेचार तासांचा फरक एका रात्रीत साडेतीनवर येतो.

उपाय सोपा आहे. टायमर घड्याळावर लावायचा नाही, कॅलेंडरमधल्या त्या मीटिंगवर लावायचा. आणि मीटिंग टाकताना वेळेशेजारचा टाइम झोन उघडून क्लायंटचं शहर निवडायचं. 'जीएमटी' निवडू नका. जीएमटी वर्षभर जागचा हलत नाही, लंडन हलतं. ॲप्स एकमेकांना जोडणारं एन-एट-एन स्वतःच्या सर्व्हरवर चालवत असाल तर आणखी एक मेख आहे: सांगितल्याशिवाय ते न्यूयॉर्कची वेळ धरून चालतं. गूगलच्या ॲप्स स्क्रिप्टमध्ये, म्हणजे कोड लिहून ही जोडणी करायच्या सोयीतही, प्रोजेक्टच्या सेटिंगमध्ये टाइम झोन वेगळा असतो, तो एकदा बघून घ्या.

गडबड झाली की लोक सगळं पाडून नव्याने बांधायला घेतात. थांबा. फरकाचा आकडाच बहुतेक वेळा दुखणं सांगतो. साडेपाच तासांनी चुकतंय? मग वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, आली आणि कोणी ती भारतीय केली नाही. एका तासाने चुकतंय? वरचं घड्याळाचं प्रकरण. चोवीसच्या पटीत तास वाढलेत? दिवसभराची नोंद घुसली. बरोबर दुप्पट? एकच मीटिंग दोनदा आली. काहीच येत नाही? जोडणी तुटली. रन हिस्टरी, म्हणजे जोडणी कधी चालली त्याची यादी, उघडा आणि पहिल्या पायरीत कॅलेंडरकडून नेमकं काय आलं ते वाचा. निम्म्या वेळा उत्तर तिथेच सापडतं.

दिवसभराच्या नोंदीचा किस्सा आमच्याकडे अजून निघतो. नाशिकला रंग धुळवडीला नाही, रंगपंचमीला खेळतात. रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्याने भरलेल्या जुन्या हौदात, उडी मारायला निम्मं ऑफिस जुन्या नाशकात असतं, म्हणून कॅलेंडरवर 'रंगपंचमी, ऑफिस बंद' अशी दिवसभराची नोंद होती. स्क्रिप्टने ती इमानेइतबारे उचलली आणि क्लायंटच्या नावावर २४ तास लावले. गूगल कॅलेंडरमध्ये अशा नोंदीला सुरुवातीची वेळ नसते, नुसती तारीख असते, आणि शेवट म्हणून पुढच्या दिवसाची तारीख येते. दोन्हींची वजाबाकी केली की २४ तास. तेव्हा पहिला फिल्टर हाच ठेवा: ज्या नोंदीला वेळ नाही ती सोडून द्या. रद्द झालेल्या आणि आपण नकार दिलेल्या मीटिंगाही त्याच चाळणीत गाळा.

आता दुप्पट नोंदी. 'मीटिंग बनली किंवा बदलली' असा ट्रिगर, म्हणजे जोडणीला कामाला लावणारी अट, लावला की कोणी मीटिंग तीनची चारला नेली तरी नवी नोंद तयार, नुसतं शीर्षक सुधारलं तरी नवी नोंद तयार. प्रत्येक मीटिंगला कॅलेंडर एक आयडी देतं. तो टाइम ट्रॅकरमधल्या नोंदीच्या वर्णनात लिहून ठेवा. पुढच्या वेळी आधी शोध, सापडला तर दुरुस्ती, नाही सापडला तरच नवी नोंद. इथे आयकॅल-यूआयडी नावाचा दुसरा एक आयडी दिसेल, त्याच्या नादी लागू नका. रोजच्या कॉलसारख्या पुन्हापुन्हा येणाऱ्या मीटिंगांत तो सगळ्या दिवसांना एकच असतो. तो धरला तर सोमवारची नोंद मंगळवार पुसून टाकतो.

कॅलेंडरमधून ट्रॅकरमध्ये आणि ट्रॅकरमधून परत कॅलेंडरमध्ये, असं दोन्हीकडून जोडू नका. दोघं एकमेकांना नोंदी पाठवत बसतात. दिशा एकच ठेवा.

पैशाची सगळ्यात चोरटी चूक मात्र शीटमध्ये होते. दीड तासाचं काम, तासाला ८०० रुपये, म्हणजे १२०० रुपये. कोणी हाताने १.३० लिहिलं तर होतात १०४०. आणि ट्रॅकरमधून १:३० आलं, गूगल शीट्सने ते कालावधी म्हणून ओळखलं आणि आपण सरळ ८०० ने गुणलं, तर उत्तर येतं ५०. शीटच्या लेखी दीड तास म्हणजे ०.०६२५ दिवस. आधी २४ ने गुणा, मग दराने. बेरजेतही फसगत आहे. साडेसव्वीस तास साध्या वेळेच्या फॉरमॅटमध्ये २:३० दिसतात, कारण चोवीस ओलांडले की घड्याळ पुन्हा शून्यावर येतं. फॉरमॅट 'कालावधी' करा.

टॉगल या टाइम ट्रॅकरची एपीआय, म्हणजे प्रोग्रॅमने त्यातली माहिती घ्यायची सोय, वापरत असाल तर चालू टायमरचा कालावधी ऋण आकड्यात येतो हेही माहीत असू द्या. तो बेरजेत गेला तर आठवड्याचा हिशेब कुठच्या कुठे जातो. आणि विसरलेला टायमर? त्याच्यावर आठ तासांची मर्यादा लावा. त्यापुढे गेला की बंद करू नका, फक्त ज्याचा आहे त्याला मेल जाऊ द्या. खरे तास किती हे त्यालाच माहीत.

मेलचं म्हणाल तर 'विषयात टाइमशीट असेल तर' असा ट्रिगर मी हौसेने लावला होता. आमच्या यंत्रणेचा स्वतःचा मेल 'टाइमशीट तयार' या नावानेच निघायचा. पुढे काय झालं ते सांगायला नको. सकाळी इनबॉक्स उघडवेना. विषयावर नको, जीमेलच्या लेबलवर ट्रिगर ठेवा, आणि स्वतःच्या पत्त्यावरून आलेले मेल व 'रजेवर आहे' छापाची उत्तरं आधीच बाजूला काढा.

जोडणी तुटते तेव्हा ती बोंब मारत नाही. गूगलचा पासवर्ड बदलला की जीमेलची परवानगी रद्द होते. जोडणीसाठी गूगलकडे स्वतःचा गूगल क्लाउड प्रोजेक्ट काढला असेल आणि तो 'टेस्टिंग' अवस्थेतच राहिला तर परवानगी दर सात दिवसांनी संपते. दर आठवड्याला त्याच वारी बंद पडत असेल तर दुसरीकडे शोधू नका. आम्ही सोमवारी सकाळी 'गेल्या आठवड्यात इतके तास' असा मेल स्वतःलाच पाठवतो, शून्य तास असले तरी. तो आला नाही की कळतं.

इतकं करूनही कॅलेंडर काय सांगतं? ठरलं काय होतं, ते. झालं काय, ते माणसालाच ठाऊक. तासाची मीटिंग वीस मिनिटांत आटोपते, अर्ध्या तासाची दोन तास लांबते. म्हणून आमचा मेल आता क्लायंटला थेट जात नाही, ड्राफ्टमध्ये पडतो. शनिवारी सकाळी मी आणि आमची अकाउंटंट दहा मिनिटं बसून तो वाचतो, मगच पाठवतो.

या सवयीला कारण झाली आमच्या एका सहकाऱ्याची नोंद: 'आईला डोळ्यांच्या दवाखान्यात नेणे, ४ वाजता'. ती त्याने ऑफिसच्याच कॅलेंडरवर टाकली होती आणि सविस्तर रिपोर्टमधून शीर्षकासकट लंडनला गेली. क्लायंट भला, त्याने बिलाचा विषयच काढला नाही, फक्त विचारलं, आई कशी आहे? तेव्हापासून 'काम' नावाचं वेगळं कॅलेंडर आहे आणि ट्रिगर फक्त त्यालाच जोडलेला आहे.