एका लॅपटॉपवर विंडोज, उबुंटू आणि डेबियन कसं बसवायचं

आमच्या देवगडात भर पावसात हे काम करायला बसू नका, हे आधीच सांगतो. पार्टिशन, म्हणजे डिस्कचा वेगळा केलेला भाग, लहान करताना लाईट गेली आणि लॅपटॉपची बॅटरी जुनी असली तर डिस्कवरचं सगळं जाऊ शकतं. माझ्या बहिणीच्या लॅपटॉपवर हेच झालं, तिच्या लग्नाचे फोटो गेले ते गेलेच. म्हणून पहिला बॅकअप, तोही वेगळ्या हार्डडिस्कवर, आणि दोन-चार फाइली उघडून बघायच्या की खरंच कॉपी झाल्यात. मग बॅटरी फुल, चार्जर लावलेला, तेव्हा पुढे.

एकाच लॅपटॉपवर तीन ऑपरेटिंग सिस्टीम कशाला? आंब्याच्या सीझनला बिलांचं सॉफ्टवेअर विंडोजवरच चालतं, ते सोडता येत नाही, भाच्याला कॉलेजच्या प्रोग्रॅमिंगसाठी उबुंटू लागतं आणि डेबियन माझं, दोन्ही लिनक्सचेच प्रकार. तिसरं म्हणून मिंट हे लिनक्स घेऊ नका असं मी सांगेन, कारण मिंट उबुंटूवरच बेतलेलं आहे आणि बूटच्या (लॅपटॉप सुरू करणाऱ्या) पार्टिशनमध्ये दोघंही साधारण उबुंटू नावाचाच फोल्डर वापरतात, मग एकाच्या फाइली दुसऱ्यावर चढतात. डेबियनचा फोल्डर वेगळा असतो.

विंडोज सगळ्यात आधी. नंतर टाकलं तर ते स्वतःलाच पुढे करतं आणि लिनक्सचा मेनू गायब होतो. विंडोजमध्ये दोन गोष्टी बघायच्या. बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय, चालू असेल तर रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट अकाउंटमधून काढून कागदावर लिहून ठेवा, ४८ आकडी असते, ती नसली तर डेटाला हात लागणार नाही. आणि फास्ट स्टार्टअप बंद करा, नाहीतर शटडाऊन केलं तरी विंडोज अर्धवट झोपलेलंच असतं आणि लिनक्समधून त्या ड्राइव्हवर लिहिलं तर फाइली बिघडतात.

जागा डिस्क मॅनेजमेंटमधून मोकळी करायची, विंडोजचं पार्टिशन विंडोजमधूनच लहान करा. ५१२ जीबीच्या डिस्कवर मी विंडोजला २५०, उबुंटूला ६०, डेबियनला ६० ठेवलं, उरलेलं एनटीएफएस (विंडोजचा फॉरमॅट) करून तिघांसाठी सामाईक.

उबुंटू आणि डेबियनचे आयएसओ, म्हणजे इन्स्टॉलच्या फाइली, रात्री डाऊनलोडला लावा, उबुंटूचं एकटंच साधारण ६ जीबी आहे. नेट मधेच तुटतं इकडे, म्हणून चेकसम, म्हणजे फाइल नीट उतरली का ते दाखवणारा कोड, जुळवल्याशिवाय वापरू नका. १६ जीबीच्या पेनड्राइव्हवर व्हेंटॉय नावाचं सॉफ्टवेअर टाकलं की दोन्ही आयएसओ नुसते कॉपी करायचे, प्रत्येक वेळी नव्याने पेनड्राइव्ह बनवायला नको.

इन्स्टॉल करताना 'इरेज डिस्क'ला चुकूनही हात लावू नका, मॅन्युअल पर्याय घ्या. मोकळ्या जागेत ६० जीबीचं एक्सटी४ (लिनक्सचा फॉरमॅट) पार्टिशन, माउंट पॉइंट रूट, म्हणजे '/'. आणि विंडोजनं केलेलं जे छोटं ईएफआय, म्हणजे ते बूटचंच, पार्टिशन आहे, बहुतेक १०० एमबीचं, तेच दोन्ही लिनक्सना द्यायचं पण फॉरमॅटची खूण करायची नाही. ती खूण राहिली तर विंडोजचा बूटलोडर, म्हणजे विंडोज सुरू करणारा प्रोग्रॅम, पुसला जातो, म्हणून 'इन्स्टॉल' दाबायच्या आधी यादी परत एकदा वाचा, घाई नको.

उबुंटू आधी, डेबियन नंतर टाकलं तर सुरुवातीचा मेनू डेबियनच्या ग्रबचा, म्हणजे सिस्टीम निवडू देणाऱ्या प्रोग्रॅमचा, येतो. त्यात विंडोज किंवा उबुंटू दिसलं नाही तर घाबरू नका. ग्रब २.०६ पासून दुसऱ्या सिस्टीम शोधणारा ओएस-प्रोबर आपोआप बंद असतो, ग्रबच्या सेटिंग फाइलमध्ये त्याला बंद ठेवणारी ओळ 'फॉल्स' करायची आणि अपडेट-ग्रब ही कमांड चालवायची. उबुंटूचा कर्नल (सिस्टीमचा गाभा) अपडेट झाला की डेबियनमध्ये जाऊन परत एकदा अपडेट-ग्रब चालवा, मेनू डेबियनच्या ताब्यात आहे ना.

शेवटचं घड्याळ. लिनक्स मशीनचं घड्याळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) धरतं, विंडोज इथली वेळ धरतं, त्यामुळे लिनक्समधून विंडोजमध्ये आलात की वेळ बरोबर साडेपाच तास मागे. सकाळी १० ला पेट्यांचं बिल काढलं आणि त्यावर पहाटेचे साडेचार, तर पुढे हिशोबात नुसता गोंधळ. दोन्ही लिनक्समध्ये टाइमडेट-सीटीएल कमांडनं 'लोकल आरटीसी' (मशीनचं घड्याळ इथल्या वेळेवर) १ करा, मग विंडोजमध्ये जाऊन वेळ एकदा सिंक करून घ्या आणि तेव्हाच पहिलं बिल काढा.