वर्शिप शेअरिंगची बैठक कशी घ्यावी

क्वेकरांच्या, म्हणजे रिलिजस सोसायटी ऑफ फ्रेंड्स या ख्रिस्ती पंथाच्या, एकदिवसीय शिबिरात भाषण देणारा मिळतो, चहा-बिस्किटं मिळतात, सभागृहही मिळतं. कस लागतो तो वर्शिप शेअरिंगच्या तासाला. रविवारच्या मौन उपासनेत कुणाला आतून बोलावंसं वाटलं तरच तो उठून बोलतो. तासभर कुणीच बोललं नाही तरी उपासना पूर्ण झाली असंच धरतात. वर्शिप शेअरिंगमध्ये विषय ठरलेला असतो आणि प्रत्येकाला बोलायची संधी असते, तरीही ती चर्चा नसते. दोन जणांच्या बोलण्यामधली शांतता टिकवणं हे चालवणाऱ्याचं खरं काम.

हे सगळं ब्रिटन-अमेरिकेतल्या मौन परंपरेपुरतं. जगात सर्वांत जास्त क्वेकर केनियात आहेत आणि तिथल्या उपासनेत पाद्री, गाणी, प्रवचन असं सारं असतं; त्यांच्या मेळाव्याची आखणी वेगळी होते.

गट आणि जागा

एका गटात सहा ते दहा माणसं, आठ असतील तर उत्तम. पाचाच्या खाली गेलात की मौन अवघडल्यासारखं होतं. बाराच्या वर गेलात की वेळ पुरत नाही आणि समोरच्याचा हळू आवाज ऐकू येत नाही. शिबिराला तीस जण असतील तर चार गट करा आणि चार स्वतंत्र खोल्या बघा. एकाच हॉलच्या चार कोपऱ्यांत चार गट बसवले तर एका गटाचं मौन दुसऱ्याच्या बोलण्यात बुडतं. नवरा-बायको, आई-मुलगी यांना शक्यतो वेगळ्या गटांत ठेवा. घरचं माणूस समोर असलं की बोलणारा शब्द निवडून बोलतो.

खुर्च्या गोलात, सगळ्या एकाच उंचीच्या. मध्ये मोठं टेबल नको, छोट्या स्टुलावर फुलं ठेवली तर चालतात. कमी ऐकू येणाऱ्यांना खिडकीकडे पाठ करून बसवा, म्हणजे उजेड बोलणाऱ्यांच्या तोंडावर पडतो आणि ओठ दिसतात. मोबाइल बंद करायला सांगा. व्हायब्रेशनवर ठेवलेला फोन लाकडी बाकावर किती घरघरतो, हे मौनातच कळतं.

प्रश्न कसा काढावा

विषयाच्या प्रश्नाला क्वेकर ‘क्वेरी’ म्हणतात. ब्रिटनमधल्या क्वेकरांची ‘अ‍ॅडव्हायसेस अँड क्वेरीज’ नावाची ४२ कलमांची पुस्तिका आहे, तिच्यातलं एखादं कलम वाचून सुरुवात करणं सोयीचं पडतं. स्वतः प्रश्न लिहिणार असाल तर एवढं बघा, की त्याचं उत्तर अनुभवातून द्यावं लागलं पाहिजे, मतातून नाही. ‘साधेपणाने जगणं आज शक्य आहे का?’ असं विचारलंत तर गट पाच मिनिटांत पेट्रोलच्या भावावर येतो. त्याऐवजी ‘कुठली वस्तू किंवा सवय सोडल्यावर तुम्हाला हलकं वाटलं? कुठली अजून सुटत नाही?’ असं विचारा. हो-नाहीत उत्तर येईल असा प्रश्न टाळा आणि ज्यात बरोबर उत्तर दडलेलं आहे असा तर मुळीच नको. ‘आपण शेजाऱ्यांशी पुरेसं प्रेमाने वागतो का?’ यावर लोक फक्त मान खाली घालतात.

एका तासाला एक क्वेरी, फार तर दोन. ती कागदावर मोठ्या अक्षरात छापून प्रत्येकाच्या खुर्चीवर ठेवा. नुसती वाचून दाखवली तर तिसऱ्या बोलणाऱ्यापर्यंत मूळ शब्द हरवलेले असतात.

वेळेचं गणित

आठ जण, प्रत्येकी तीन मिनिटं म्हणजे २४. प्रत्येक बोलण्यानंतर एक मिनिट मौन म्हणजे आणखी ८. सुरुवातीला सहा-सात मिनिटं मौन, शेवटी पाच, नियम सांगायला पाच. ही झाली जवळपास पन्नास मिनिटं. तासाची जागा राखून ठेवा, म्हणजे सगळ्यांचं एकदा बोलून झाल्यावर ज्यांना भर घालायची असेल त्यांना ती घालता येते. पाऊण तासात उरकायचं असेल तर माणसं कमी करा, मौन कापू नका.

नियम आधी तोंडी सांगा. स्वतःच्या अनुभवातून बोलायचं. सगळ्यांचं होईपर्यंत दुसऱ्यांदा बोलायचं नाही. कुणाच्या बोलण्यावर उत्तर, सल्ला, दुरुस्ती नाही. बोलायचं नसेल तर ‘पुढे’ म्हणायचं, कारण द्यायचं नाही. इथलं इथेच राहील. बोलण्याची पाळी गोलाने फिरवायची की ज्याला वाटेल त्याने बोलायचं, हेही तेव्हाच ठरवा. नवख्या गटात पाळी बरी, नाहीतर दोघं-तिघंच बोलतात. पण पाळी असली की पुढचा माणूस आपलं वाक्य जुळवत बसतो आणि शेजाऱ्याचं ऐकत नाही, हा तिचा तोटा. मुरलेल्या गटात पाळी नकोच.

मराठी माणसांच्या गटात, मग तो लंडनमधला असो की पुण्यातला, एक गोष्ट मुद्दाम सांगावी लागते: हुंकार द्यायचा नाही. आपल्याकडे ‘हं’, ‘अगदी’, ‘हो ना’ म्हटलं नाही तर समोरच्याला वाटतं हा ऐकतच नाही. इथे त्या ‘हं’मुळे बोलणाऱ्याची नजर हुंकार देणाऱ्याकडे वळते, तो त्याच्याशीच बोलू लागतो आणि गोलाच्या जागी दोघांच्या गप्पा सुरू होतात. तसंच दीपप्रज्वलन, पाहुण्यांचा सत्कार, आभारप्रदर्शन यांना इथे जागा नाही. आयोजकाला चुकल्याचुकल्यासारखं वाटतं, वाटू द्यावं.

काय बिघडतं

पहिला बोलणारा आठ मिनिटं घेतो. मग दुसरा सात घेतो, कारण मोजमाप ठरून गेलं. म्हणून पहिल्यांदा चालवणाऱ्याने स्वतः बोलावं, दोन मिनिटांत थांबावं आणि मग पूर्ण मिनिटभर गप्प बसावं. लोक नियमांपेक्षा हा नमुना लवकर उचलतात.

एकाचं संपायच्या आत दुसरा सुरू होतो. अशा वेळी हात किंचित वर करून ‘जरा थांबू या’ एवढंच म्हणा. त्यावर स्पष्टीकरण दिलंत की तेच नवं भाषण. कुणी ‘मघाशी ताई म्हणाल्या त्यावरून...’ अशी सुरुवात केली तर वाक्य संपू द्या, नंतरच्या मौनात नियम पुन्हा एका ओळीत सांगा, नाव न घेता.

कुणी रडू लागलं तर लगेच पाठीवर हात ठेवायला उठू नका. रुमालाची पेटी आधीच हाताशी ठेवलेली असावी. घाईने दिलेल्या आधाराचा अर्थ ‘आता आवर’ असाही होतो. माणूस खोलीबाहेर गेला तर मात्र मागोमाग कुणीतरी जायला हवं. ते कोण, हे सकाळीच ठरवून ठेवा.

चालवणाऱ्याचा नेहमीचा दोष म्हणजे प्रत्येकाच्या बोलण्याचा सारांश सांगणं. शाळा-कॉलेजात शिकवणाऱ्यांना ही खोड जास्त. सारांश नको, धन्यवादही नकोत.

झूमवर घेत असाल तर गट सहाचाच ठेवा. बोलणाऱ्याखेरीज सगळे म्यूटवर, कॅमेरा चालू, चॅट बंद. पाळीची यादी आधी पाठवा, नाहीतर प्रत्येक मौनाला कुणीतरी ‘माझा आवाज येतोय का?’ विचारतं.

शेवट आणि नंतर

शेवटचं मौन संपलं की चालवणारा शेजाऱ्याशी हात मिळवतो, मग सगळे एकमेकांशी. उपासना संपल्याची हीच खूण. लगेच जेवण लावू नका, दहा मिनिटं मोकळी ठेवा. जेवण प्रत्येकाने आणलेलं असेल तर डब्यांवर पदार्थाचं नाव आणि त्यात शेंगदाणे, दूध, अंडी आहेत का याची चिठ्ठी लावायला सांगा, म्हणजे अ‍ॅलर्जी असणाऱ्यांना कळतं.

एखाद्याचा प्रश्न गटात मावणार नाही इतका खाजगी असतो: नोकरी सोडावी का, लग्न करावं का. त्यासाठी क्लिअरनेस कमिटी असते. मूळची ती लग्न करू इच्छिणाऱ्या जोडप्यांसाठी होती, विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत इतर निर्णयांसाठीही वापरली जाऊ लागली. पाच-सहा माणसं, ज्याचा प्रश्न आहे त्यानेच निवडलेली, दोन ते तीन तास. त्याने आपला पेच आधी दोन-तीन पानांत लिहून पाठवायचा. समितीने फक्त प्रश्न विचारायचे, तेही ज्यांचं उत्तर आपल्याला माहीत नाही असे. ‘समुपदेशकाकडे जाऊन बघितलंस का?’ हा सल्ला आहे, शेवटी प्रश्नचिन्ह आहे इतकंच. ‘या नोकरीतलं काय तुला सोडवत नाही?’ हा प्रश्न. टिपणं एकाच जणाने घ्यायची आणि बैठक संपताच ती ज्याची आहेत त्याच्या हातात द्यायची, कुणी प्रत ठेवायची नाही. पुढे त्या माणसाने स्वतः विषय काढल्याशिवाय समितीतल्या कुणी ‘मग काय ठरलं?’ असं चहाच्या टेबलावरही विचारू नये.